कारण (थोडक्यात)

चौकशीच्या कागदावर 'कारण'साठी
दीड ओळ सोडलीय.
कंसात : थोडक्यात.

ढोले साहेबांना चारच्या आत हवाय कागद.
मनतकार दोनदा डोकावून गेला,
दुसऱ्यांदा चहा ठेवून.

घडलं ते लिहून झालंय :
मंगळवारी, फिटर दुसरे वर्ष,
प्रज्योत खारोडे याने आदेश सिरसाट याच्या
डाव्या कानामागे बारा इंची कानशीने मारले.
सात टाके.
कानस संस्थेची, मूठ नसलेली.
मुठी मागच्या मार्चपासून मागणीपत्रात आहेत.

काहून मारलं रे?
"तो हासला, सर."
कशावर?
"मले काय मालूम. माह्याकडं पाहून हासला."

आदेश म्हणतो, मोबाइलवर हसलो.
मोबाइल मी पाहिला.
एक बकरी दुचाकीवर मागं बसून चाललीय,
तहसीलदारासारखी गंभीर.
मलाही हसू आलं असतं.

दीड ओळीत बकरी आरामात बसते.
पण

त्या दिवशी अकरालाच लाइन गेलेली.
चार लेथ, त्यातला चालतो तो एक,
तोही थांबला.
सव्वीस पोरं, एक व्हर्निअर,
हिवरखेडची गाडी साडेपाचला.
तोवर बावन्न हात रिकामे
आणि त्या हातांना आम्ही शिकवलंय
घासायला, ठोकायला, कापायला. बस.

पण

तेल्हाऱ्याचं पाणी खारं.
शनिवारी तेल लावून ठेवलेला जॉब
सोमवारी तांबूस होतो.
प्रज्योतचा तीनदा गंजला, तीनदा त्यानं घासला,
घासता घासता माप गेलं.
गंज काढला तर माप जातं,
ठेवला तर मी नापास करतो.

पण सोमवारीच
पुण्याच्या कंपनीची यादी लागली फाटकाजवळ.
पाच नावं. सिरसाट चौथा.
खारोडे नाही.
कुणीतरी आडनावं मोजली, मोठ्यानं,
कुठली कुणाची ते.
कुणीतरी यादीचा फोटो स्टेटसला ठेवला :
बाकीच्यांनी पंक्चरचं दुकान टाका बे.
कोण, ते मी विचारलं नाही.
विचारलं असतं तर अजून एक कागद.

त्याच दुपारी
मी प्रज्योतचा जॉब गुण्या लावून
खिडकीच्या उजेडात धरला.
उजेड आरपार दिसला की तुकडा वाया.
केसाएवढी फट होती.
सगळ्यांसमोर भंगाराच्या टोपल्यात टाकला,
म्हटलं, "तुह्याच्यानं बैलाची वेसनही नाही ओवणं होत."
पोरं हसली.
आदेश नव्हता हसला.
तो पलीकडे हातोडीचा दांडा बसवत होता,
त्यानं वर पाहिलंही नाही.

हे कुठल्याच रकान्यात जात नाही.

बावीस वर्षांमागं टेंभरे सरांनी
ह्याच व्हाइसपाशी माझ्या कानाखाली ओढली होती,
ब्लेड तुटलं म्हणून.
मी तेव्हा कुणाला काही केलं नाही.
शहाण्यासारखा सायकलनं घरी गेलो
आणि धाकट्याला,
पाणी उशिरा आणलं एवढ्यावरून—

त्याच्याशी आजही
उजव्या बाजूनं बोलावं लागतं.

बाहेर बाकावर प्रज्योत बसलाय.
शेजारी त्याची माय, चपला दाराबाहेर काढून,
पिशवीत काय ते घट्ट धरून.
पोराच्या नखांत अजून लोखंडाचा चुरा.
मी दारात गेलो तशी ती उभी राहिली,
तो बसूनच होता.
खाली फरशीकडं पाहत म्हणाला,
"त्याले आयकू येते ना, सर?"

येतं, म्हटलं.
मला माहीत नव्हतं.

आत येऊन लिहिलं :
किरकोळ वादातून.
अर्धी ओळ उरली.

सही केली.
मग सवयीनं
कागद खिडकीकडं धरला, उजेडात.
मनतकार दारात उभाच होता,
म्हणाला, काय पाहता सर,
द्या.